खोत, कूळ आणि व्हॉट्सॲप : एका संदेशमाध्यमाच्या मालकीचा इतिहास
(रायगड किनारपट्टीच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील कोणत्याही गावात आज एखादी वार्ता सर्वांपर्यंत पोहोचवायची असेल तर ती प्रथम व्हॉट्सॲपवर टाकली जाते. ग्रामपंचायतीची पाणीपुरवठ्याची सूचना, मच्छीमार सोसायटीचा निरोप, हवामान खात्याचा इशारा, महाविद्यालयाचे परीक्षेचे वेळापत्रक, लग्नाची पत्रिका आणि मयताची बातमी ही सर्व एकाच वाटेने जातात. टाळेबंदीच्या काळात तर आपल्यापैकी अनेक प्राध्यापकांचा वर्गच या वाटेवर भरत होता. जी वाट सारा गाव वापरतो ती गावाची, असे आपण सहजपणे गृहीत धरतो. ही वाट मात्र गावाची नाही, शासनाचीही नाही. तिचा मालक आहे, त्या मालकाने ती विकत घेतलेली आहे आणि तिच्यावरून चालण्याच्या अटी तो वेळोवेळी बदलत आलेला आहे.

प्रस्तुत लेखात व्हॉट्सॲप या माध्यमाच्या मालकीचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. असा इतिहास बहुधा अमेरिकेतील कंपनीव्यवहारांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो रायगडच्या भूमीवरून पाहिल्यास काही वेगळे दिसते का, हा येथील मुख्य प्रश्न आहे. मालक कोण, वापरणारा कोण आणि अटी कोणी ठरवायच्या, या तीन प्रश्नांवर या जिल्ह्याने विसाव्या शतकात दोन मोठे लढे दिलेले आहेत. त्या लढ्यांच्या भाषेत आजचा प्रश्न वाचता येतो असे प्रस्तुत लेखकाला वाटते. ही तुलना कोठे तोकडी पडते, याचाही विचार पुढे केला आहे.

कुलाबा जिल्हा आणि मालकीचा प्रश्न

१९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात जमिनीची मालकी हा नेहमीच गुंतागुंतीचा विषय होता. खोत हा मूळचा गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मध्यस्थ. कालांतराने त्याचा हक्क वंशपरंपरागत झाला आणि व्यवहारात तो गावाच्या धन्यासारखा वागू लागला. कूळ जमीन कसत असे, पीक काढत असे आणि खंडापोटी पिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात नेऊन घालत असे. खाडीकाठच्या खारेपाटात आणखी एक प्रकार होता. समुद्राचे पाणी बांध घालून अडवायचे आणि खाजण लागवडीखाली आणायचे, हे काम करणारा तो शिलोत्रदार. बांधाच्या डागडुजीसाठी तो कुळांकडून धान्याच्या रूपाने ‘शिलोत्री मण’ घेई. ही वसुली सर्वस्वी अन्यायाची म्हणता येणार नाही, कारण बांध फुटला तर शेत खारट होऊन बसे आणि बांध राखण्याला खर्च होताच. तक्रार उद्भवे ती बांध राखण्याच्या नावाखाली आणखी काय काय घेतले जाते, यावरून.

अलिबाग तालुक्यातील चरी व परिसरातील २५ गावांच्या कुळांनी १९३३ साली जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. हा संप १९३९ पर्यंत, म्हणजे सहा वर्षे चालला. शेतकऱ्यांच्या लढ्याच्या इतिहासात इतका दीर्घ संप विरळाच. नारायण नागू पाटील यांचे नेतृत्व त्याला लाभले आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ चा कूळकायदा आणि पुढे १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा यांची पार्श्वभूमी या लढ्याने तयार केली, हे सर्वज्ञात आहे.

या लढ्यातील एक बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. नारायण नागू पाटील यांनी १९३७ मध्ये ‘कृषीवल’ हे पत्र सुरू केले. अलिबागला वृत्तपत्र नवीन नव्हते. एकोणिसाव्या शतकातच येथून ‘सत्यसदन’ निघत असे. परंतु जमीन दुसऱ्याची असताना निदान शब्द तरी आपल्या मालकीच्या कागदावर छापले जावेत, ही जाणीव ‘कृषीवल’च्या मुळाशी दिसते. माध्यमाच्या मालकीचा प्रश्न या किनाऱ्याला तेव्हाच कळलेला होता.

दुसरा लढा महाडचा. चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह आपण समतेचा लढा म्हणून शिकवतो आणि ते योग्यच आहे. त्याच्या मागोमाग न्यायालयात जो दावा चालला त्याकडे मात्र वर्गात फारसे लक्ष दिले जात नाही. तळे ही सवर्णांची खाजगी मालमत्ता आहे, असा पवित्रा वादींनी घेतला होता. मालकीचा हा दावा टिकला नाही आणि अस्पृश्यांना वगळण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आल्याचेही सिद्ध झाले नाही. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. सर्वांच्या वापराच्या वस्तूवर खाजगी मालकीचा हक्क सांगून अटी लादता येतात काय, हा त्या दाव्यातील एक कायदेशीर प्रश्न होता.

माउंटन व्ह्यू ते मेन्लो पार्क

आता व्हॉट्सॲपकडे वळू. या माध्यमाचा जनक यान कूम हा युक्रेनमधून १९९२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी आईसोबत कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे आला. सुरुवातीच्या काळात या कुटुंबाला सरकारी अन्नसाहाय्यावर राहावे लागले. पुढे याहू कंपनीत त्याची ब्रायन ॲक्टनशी मैत्री झाली. दोघांनीही २००७ मध्ये याहू सोडले, फेसबुककडे नोकरी मागितली आणि तेथे त्यांना नकार मिळाला. २४ फेब्रुवारी २००९ रोजी कूमने व्हॉट्सॲप कंपनीची नोंदणी केली. आरंभी हे उपयोजन केवळ ‘मी सध्या कामात आहे’ अशा प्रकारची स्थिती मित्रांना कळविण्यासाठी होते. लोकांनी त्याचा उपयोग निरोप पाठविण्यासाठी सुरू केला आणि त्यातून संदेशमाध्यम घडले. त्याचे पुढील स्वरूप ठरविण्यात वापरणाऱ्यांचा हात सुरुवातीपासूनच होता, ही गोष्ट मालकीच्या चर्चेत सहसा विसरली जाते.

पहिल्या काही वर्षांतील मालकीची रचना साधी होती. संस्थापक, याहूतील काही जुने मित्र आणि २०११ नंतर सिकोया ही गुंतवणूकसंस्था. उत्पन्नाचा मार्गही सरळ होता. वर्षाला एक डॉलर एवढी नाममात्र वर्गणी. जाहिरात नाही, खेळ नाही, क्लृप्त्या नाहीत, अशा अर्थाची ॲक्टनच्या हातची चिठ्ठी कूमच्या मेजावर असे. सोव्हिएत राजवटीत, जेथे दूरध्वनीवर मोकळेपणाने बोलण्याचीही भीती, अशा वातावरणात बालपण गेल्यामुळे खाजगीपणाविषयी कूमची मते ठाम होती.

१९ फेब्रुवारी २०१४ रोजी फेसबुकने ही कंपनी सुमारे १९ अब्ज डॉलरना विकत घेत असल्याचे जाहीर केले. त्या वेळी व्हॉट्सॲपचे मासिक वापरकर्ते ४५ कोटी होते आणि कर्मचारी अवघे ५५. ज्या समाजकल्याण कार्यालयात एके काळी अन्नसाहाय्यासाठी रांगेत उभे राहावे लागत असे, त्याच इमारतीच्या दाराशी कूमने करारावर सही केल्याचे सांगितले जाते. प्रसंग हृद्य आहे. तथापि ५५ माणसांच्या श्रमाला १९ अब्ज डॉलर हा हिशोब जुळत नाही. किंमत होती ती ४५ कोटी माणसांच्या दूरध्वनी क्रमांकांची, त्यांच्या परस्परसंबंधांची आणि रोजच्या सवयीची. खोतीचे गाव विकले जाई तेव्हा किंमत केवळ मातीची नसे. त्या मातीवर राबणाऱ्या कुळांच्या वहिवाटीचीही असे. विक्रीच्या कागदावर मात्र कुळाची सही लागत नसे.

यानंतरचा घटनाक्रम थोडक्यात असा : २०१६ च्या जानेवारीत वार्षिक वर्गणी रद्द झाली. एप्रिलमध्ये सर्व संदेशांना दोन्ही टोकांपर्यंतचे सांकेतिक संरक्षण मिळाले, म्हणजे पाठविणारा व घेणारा यांच्याखेरीज मालकालाही मजकूर वाचता येणार नाही अशी व्यवस्था झाली. ऑगस्टमध्ये मात्र वापरकर्त्यांचा दूरध्वनी क्रमांक व अन्य काही माहिती फेसबुकला देण्याचे धोरण जाहीर झाले. २०१४ मध्ये खरेदीची छाननी होत असताना दोन्हीकडील खाती एकमेकांशी जोडणे स्वयंचलित रीतीने विश्वासार्हपणे शक्य नाही, असे फेसबुकने युरोपीय आयोगाला सांगितले होते. ही माहिती दिशाभूल करणारी ठरवून आयोगाने मे २०१७ मध्ये फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड केला.

संस्थापकांचे मालकाशी फार काळ जमले नाही. ॲक्टन सप्टेंबर २०१७ मध्ये बाहेर पडला. पाच कोटी डॉलर देऊन त्याने सिग्नल या नफा न कमावणाऱ्या संदेशमाध्यमाच्या प्रतिष्ठानाची उभारणी केली आणि मार्च २०१८ मध्ये फेसबुक काढून टाकण्याचे जाहीर आवाहन केले. कूमने एप्रिल २०१८ मध्ये निरोप घेतला. मराठी वाचकाला येथे आगरकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८८१ मध्ये सुरू झालेल्या ‘केसरी’तून मतभेदांमुळे ते १८८७ मध्ये बाजूला झाले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. पुढे १८९१ मध्ये टिळकांनी ‘केसरी’ कर्जासह आपल्याकडे घेतला. साम्य वरवरचे आहे, हे मान्य केले पाहिजे. आगरकरांनी काही विकलेले नव्हते. ॲक्टनने आधी विकले, मग पश्चात्ताप व्यक्त केला. आपण वापरकर्त्यांचा खाजगीपणा विकला, अशी कबुली त्याने पुढे मुलाखतीत दिली. कुळांच्या बाजूने बोलणारा एखादा माजी खोत इतिहासात सापडावा, तसे हे आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुक कंपनीने मेटा हे नाव धारण केले. या कंपनीच्या समभागांचे दोन वर्ग असून एका वर्गाच्या प्रत्येक समभागाला दहा मते आहेत. परिणामी भांडवलातील वाटा कितीतरी कमी असूनही मार्क झुकेरबर्ग यांच्या हाती निम्म्याहून अधिक मते आहेत. दुसऱ्या शब्दांत, श्रीवर्धनच्या ग्रामस्थाने कोणत्या अटीवर निरोप पाठवावा याचा अंतिम निर्णय एका व्यक्तीच्या हाती येऊन ठेपतो. ही मालकी मोडण्यासाठी अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये दावा दाखल केला होता. इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप यांची खरेदी स्पर्धा संपविण्यासाठीच झाली, असे आयोगाचे म्हणणे होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने निकाल दिला तो मेटाच्या बाजूने.

अटी आणि भारतीय वापरकर्ता

भारत सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यानुसार देशातील व्हॉट्सॲप वापरकर्त्यांची संख्या ५३ कोटी होती. या विस्ताराला सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओच्या स्वस्त इंटरनेटची मोठी जोड मिळाली. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये देऊन जिओ प्लॅटफॉर्म्समधील ९.९९ टक्के हिस्सा घेतला. वाटेचा मालक आणि वाटेवरच्या धर्मशाळेचा मालक यांचे असे नाते जुळले. रिलायन्स हे नाव रायगडला अपरिचित नाही. नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प मूळचा सार्वजनिक क्षेत्रातील आयपीसीएलचा. २००२ च्या निर्गुंतवणुकीनंतर तो रिलायन्सकडे गेला. मालकी बदलताना परिसरातील लोकांना काही विचारले जाते असा अनुभव या जिल्ह्याला तेव्हाही नव्हता.

मालकाच्या निर्णयांचा परिणाम गावापर्यंत कसा पोहोचतो याचे सर्वांत वेदनादायी उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. अशा अफवा त्या काळात देशभर व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. निर्णय योग्य होता. परंतु तो पाच माणसे गेल्यानंतर झाला, आणि साक्रीला काय हवे हे साक्रीने ठरविण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती, आजही नाही.

जानेवारी २०२१ च्या नव्या धोरणाने मालकी म्हणजे काय हे सर्वांच्या लक्षात आणून दिले. ते स्वीकारा अथवा सेवा सोडा, असा तो पर्याय होता. मुदत ८ फेब्रुवारीवरून १५ मे पर्यंत वाढली, अट तीच राहिली. युरोपातील वापरकर्त्यांना तेथील कायद्यामुळे वेगळे संरक्षण होते. भारतीय स्पर्धा आयोगाने स्वतःहून चौकशी सुरू केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. जाहिरातींसाठी माहिती देण्यास पाच वर्षांची बंदीही घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, बंदी मात्र रद्द केली. न्यायाधिकरणाच्या भाषेतून बाहेर येऊन पाहिले तर हा खंडाचाच वाद आहे. पीक कोणी काढले, वाटा कोणी ठरविला आणि कुळाची संमती खरी होती काय?

येथे एका गोष्टीची नोंद करणे न्यायाचे होईल. संदेशाचा मूळ प्रेषक शोधून देण्याची सक्ती करणाऱ्या २०२१ च्या नियमांना व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. शासन विरुद्ध नागरिक या वादात हा मालक खाजगीपणाच्या बाजूने उभा राहिला आहे. शिलोत्रदाराने बांध राखला नाही असे म्हणता येणार नाही. मजकुराभोवतीचा बांध मजबूत आहे. वाद आहे तो बांधाच्या आतील शेताची मोजणी करून तिचा व्यापार करण्याचा.

तुलनेच्या मर्यादा

आजच्या माध्यममालकीला सरंजामशाहीची उपमा देणारे लेखन अलीकडे जगभर होत आहे. ग्रीक अर्थतज्ज्ञ यानिस वारुफाकिस यांनी २०२३ च्या ग्रंथात हाच विचार विस्ताराने मांडला. तथापि ज्या जिल्ह्यात खोती प्रत्यक्ष होती, तेथील अभ्यासकाने ही उपमा जपून वापरावी. चरीच्या कुळाच्या घरी संपाच्या सहा वर्षांत चूल पेटण्याची भ्रांत होती. रानातला लाकूडफाटा विकून दिवस काढावे लागले. व्हॉट्सॲप वापरणाऱ्यावर अशी पाळी येत नाही. वेठबिगार आणि जातीचा जाच यांना तर येथे कोणतेच समांतर नाही.

दुसरा भेद उलट दिशेचा आहे आणि तो अधिक विचार करायला लावणारा आहे. चरीच्या कुळांना संप करता आला, कारण जमीन ओसाड पडली की खोताचे कोठार रिकामे राही आणि पंचवीस गावांनी एकत्र निर्णय घेणे शक्य होते. २०२१ मध्ये अनेकांनी सिग्नल उतरवून घेतले. प्रस्तुत लेखकही त्यांपैकी एक. पंधरा दिवसांत बहुतेक सर्व जण परत आले, कारण विभागाचा गट, विद्यार्थ्यांचा गट, घरच्यांचा गट, सारे मागेच राहिले होते. कूळ एकट्याने निघून गेले तर शेत दुसऱ्याला मिळते. येथे एकटा निघून गेला तर त्यालाच कोणी सापडत नाही. सामूहिकपणे बाहेर पडण्याची जागा कोणती, याचे उत्तर चरीला होते. आपल्याकडे ते अद्याप नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तो व्यक्तीला हक्क देतो. गावाला, गटाला किंवा संस्थेला त्यात स्थान दिसत नाही.

साधनांचा प्रश्न

इतिहासाच्या प्राध्यापकाला या मालकीची आणखी एक बाजू दिसते. चरीच्या संपाचा अभ्यास करावयाचा तर वृत्तपत्रांचे अंक आहेत, विधिमंडळाचे वृत्तांत आहेत, महसुली दफ्तर आहे. चवदार तळ्याचा तर न्यायनिवाडाच उपलब्ध आहे. गेल्या दहा वर्षांचा या किनाऱ्याचा सार्वजनिक व्यवहार मात्र ज्या माध्यमातून झाला, त्याचे दफ्तर कोठेही नाही. पोहोचलेले संदेश कंपनीच्या यंत्रणेत राहत नाहीत. न पोहोचलेले तीस दिवसांनी पुसले जातात. खाजगीपणाच्या दृष्टीने ही व्यवस्था चांगलीच आहे. पण गाव आपले सार्वजनिक निरोपही त्याच खाजगी वाटेने धाडू लागला, की त्याच्या इतिहासाची साधने लोकांच्या खिशातील भ्रमणध्वनींत विखुरतात आणि भ्रमणध्वनी बदलला की जातात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांत घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वीज गेली, मनोरे बंद पडले आणि कित्येक गावे अनेक दिवस संपर्काबाहेर राहिली. आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी त्या काळात गावोगाव चालत जाऊन पडलेल्या घरांची आणि वाड्यांची माहिती जमविली. जेथे जाळे मिळेल तेथून, कधी टेकडीवर चढून, ती एका गटावर टाकली : छायाचित्रे, घरमालकांची नावे, मोडलेल्या झाडांचे आकडे, वृद्धांनी सांगितलेल्या जुन्या वादळांच्या आठवणी. दोन महिन्यांत तो गट म्हणजे त्या आपत्तीचा तालुक्यातील सर्वांत तपशीलवार वृत्तांत झाला होता. पुढे गट बंद केला गेला. ज्या विद्यार्थ्याने सर्व मजकूर सांभाळून ठेवला होता त्याचा भ्रमणध्वनी होडीतून उतरताना खाडीत पडला आणि त्याची दुसरी प्रत कोणी काढलेली नव्हती. तहसील कचेरीत देण्यासाठी एका विद्यार्थिनीने चार गावांची यादी हाताने फुलस्केप कागदावर उतरवून घेतली होती. ती सात पाने तेवढी आज विभागाच्या कपाटात आहेत.